नमुन्याचं घोंगडं

ज्या माणसामुळे माझ्या वडिलांचं नाव आसपासच्या गावांत खराब झालं, त्याच माणसाच्या हातून शाल-नारळ घेऊन मी लंडनला निघाले. होटगीच्या पलीकडं आमचं गाव. ग्रामपंचायतीसमोर मांडव घातला होता आणि मागे फ्लेक्स लावला होता: आंतरराष्ट्रीय व्यापार कायद्याच्या उच्च शिक्षणासाठी लंडनला निघालेल्या गावच्या कन्येचा जाहीर सत्कार. फोटो कॉलेजच्या ओळखपत्रावरचा, तोच ताणून मोठा केलेला. त्यात मी सत्कारमूर्ती कमी आणि पोलिसांना हवी असलेली जास्त दिसत होते. सरपंच बोलले, हेडमास्तर बोलले, आणि मग सोलापूरहून खास बोलावलेले प्रमुख पाहुणे उठले. गावात त्यांना 'एक्स्पोर्टवाले' म्हणतात. आमच्या भागातला माल परदेशी पाठवायचा तर मधला माणूस हाच. त्यांनी माझ्या खांद्यावर शाल घातली. गिरणीतली, अॅक्रिलिकची. घोंगडी विणणाऱ्याच्या लेकीला.

मी हसले. फोटोत तसं दिसतं तरी. अण्णा, म्हणजे माझे वडील, मांडवात आलेच नाहीत. लोकांनी चपला काढून ठेवल्या होत्या तिथं मागं उभे राहिले. माइकवरून त्यांचं नाव पुकारलं तर हात हलवून म्हणाले, "मी हितंच बरा हाय." आई मात्र पहिल्या रांगेत बसली होती आणि प्रमुख पाहुण्यांकडे, कुत्रं लांडग्याकडं बघतं तसं बघत होती. भाषणात साहेब म्हणाले की, अशा मुलींमुळे आपला माल जगात जाईल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्यातल्या निम्म्यांनी आधीच्या हंगामात आमच्या दारात येऊन अण्णांना तोंडावर विचारलं होतं की नमुना एक आणि माल दुसरा असं का केलंस.

मुंबईच्या विमानतळापर्यंत जीप केली होती. मोडनिंबला हायवेवर चहाला थांबलो. आई जीपमध्येच कडक भाकरीचं गाठोडं मांडीवर घेऊन बसून राहिली. अण्णांनी चहा बशीत ओतला, तो तसाच निवू दिला आणि मग म्हणाले, "तितं गेल्यावर येक काम कर. त्येंचा कायदा वाच आन मला सांग, मी फसवलं का न्हाय."

"तुमी कुणाला फसवलं न्हाय अण्णा," मी म्हटलं.

"तू माजी लेक हायस. तू न्हायच म्हणणार. कायदा काय म्हणतो ते सांग."

एवढ्यासाठी मी गेले. सरकारी शिष्यवृत्ती, इंग्रजीची परीक्षा, व्हिसा, हे सगळं खरं आहे. मुलाखतीत मी जागतिकीकरण वगैरे बोलले, तेही खरं मानायला हरकत नाही. पण मोडनिंबच्या त्या टपरीवरचा प्रश्न घेऊन मी विमानात बसले. त्याचं उत्तर मिळेपर्यंत मला धड झोप लागली नाही आणि मिळाल्यावर तर अजिबात लागली नाही.

तुम्ही जे गावात राहिलात, त्यांना यातलं अर्धं ठाऊक आहे आणि तेही चुकीचं. म्हणून एकदा नीट सांगते. आणि जे माझ्यासारखे निघून आलात आणि आता रविवारी व्हिडिओ कॉलवर आईच्या कपाळाचा वरचा अर्धा भाग बघता, त्यांनीही ऐका, कारण शेवटी हे तुमच्याकडंही येणार आहे.

आमची मेंढरं आणि आमचाच माग. लोकर आपली, सूत काढणाऱ्या बायका वाड्यावस्तीवरच्या, विणकर आमच्या आणि शेजारच्या गावांतले. नवं घोंगडं ज्यांनी कधी अंगावर घेतलं नाही, त्यांच्यासाठी सांगते. त्याला चिंचोक्याची खळ लावलेली असते. ती लावल्याशिवाय धागा विणकाम सोसत नाही. त्यामुळं नवं घोंगडं पत्र्यासारखं ताठ असतं, अंगाला टोचतं, आणि त्याला एक आंबूस वास असतो. घरातला माणूस ते वापरतो. पावसात भिजवतो, उन्हात वाळवतो, त्यावर बसतो, त्यात धान्य वाळत घालतो. वर्षं जातात, खळ निघून जाते, आणि घोंगडं असं मऊ होतं की लहान मूल त्यात गुंडाळावं. टोचणं घरच्यांनी सोसायचं असतं. पाहुणा आला की त्याला जुनं, मऊ झालेलं घोंगडं अंथरायचं. नवं कोरं पाहुण्याखाली घातलं तर आमच्याकडं तो त्याचा अपमान. हे कुणी कुणाला शिकवत नाही. दारात चप्पल काढायची, तसंच ते.

मी सोलापुरात वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला होते, तेव्हा एक्स्पोर्टवाले एका गोऱ्या खरेदीदाराला घेऊन घरी आले. युरोपातल्या घरसामानाच्या दुकानांसाठी तो माल शोधत हिंडत होता. आईनं काय करावं? तिनं आतून माझ्या आज्याचं घोंगडं आणलं आणि अंथरलं. आज्यानं ते मेंढरांमागं आयुष्यभर वागवलेलं. पाहुणा त्यावर बसला, त्यानं हात फिरवला, मग एक कोपरा उचलून गालाला लावला आणि म्हणाला की, मला हे हवं. असंच, इतकंच मऊ, भरपूर. एक्स्पोर्टवाल्यांनी अण्णांना मराठीत सांगितलं, "साहेबांना घोंगडी पसंत हायत. हे नमुना म्हणून देऊन टाका." बस. 'असंच मऊ' हे शब्द इंग्रजीतून मराठीत आलेच नाहीत. पाहुण्यानं वस्तू मागितली, अण्णांनी दिली. आज्याचं घोंगडं पिशवीत गेलं, पिशवीला लाखेची मोहर लागली, चिठ्ठीवर सही झाली. इंग्रजी कराराच्या प्रत्येक पानावर खाली अण्णांची सही आहे, 'ण' ला मोठी गाठ देऊन काढलेली.

पुढचं सरळ आहे. हंगामभर माग चालले. माल गेला. नवा, ताठ, खळीचा, उत्तम विणलेला माल. तिकडच्या गोदामात तो उघडला तेव्हा त्या लोकांना वाटलं की या खेडवळांनी आपल्याला चक्क मामा बनवलं. त्यांनी माल नाकारला. वाद लंडनच्या लवादापुढे, इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे, असं करारात लिहिलेलं होतंच. आमच्या बाजूनं तिथं कुणी गेलं नाही. एक्स्पोर्टवाले म्हणाले, मी बघतो, आणि त्यांनी खरंच फक्त बघितलं. निकाल आला तो सगळा आमच्या विरुद्ध. अण्णांनी मेंढरं विकून विणकरांची मजुरी भागवली, ती बाजू संपली. पण निकालात एक वाक्य होतं. विक्रेत्यानं निवडक नमुना दाखवून खरेदीदाराची दिशाभूल केली, असं. हे वाक्य एक्स्पोर्टवाल्यांनी स्वतःची कातडी वाचवायला गावोगाव मराठीत सांगितलं. तेव्हा मात्र त्यांच्या भाषांतरात एक शब्दही गळला नाही.

लंडनमध्ये पहिले महिने मी रागावरच काढले. थंडीचा राग, चार वाजता मावळणाऱ्या उजेडाचा राग, 'सोलापूर म्हणजे मुंबईजवळ का' विचारणाऱ्यांचा राग. एकदा मराठी लोकांच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला गेले. तिथल्या एका गृहस्थांनी मी कुठली, काय शिकते ते विचारलं आणि चकली खात म्हणाले, "आपल्याकडच्या खेड्यातल्या लोकांना ना, प्रोफेशनलिझम शिकवायला हवा. क्वालिटी कन्सिस्टंट नसते त्यांची." मी बशी खाली ठेवली आणि बाहेर येऊन बसस्टॉपवर उभी राहिले. त्यांच्या तोंडावर बोलले असते तर बरं झालं असतं. शब्द सुचले ते नंतर बसमध्ये, आणि इतके मोठ्यानं की समोरची बाई दुसऱ्या सीटवर जाऊन बसली.

मालविक्रीचा पेपर शिकवणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या होत्या, कडक आणि सरळ. नमुन्यावरून विक्री हा विषय आला तेव्हा त्यांनी कलम वाचून दाखवलं: सगळा माल नमुन्याबरहुकूम असला पाहिजे. मला ते पाठ होतं. आपल्याकडच्या कायद्यातही तेच आहे, इंग्रजांच्या राज्यातच लिहिलेलं, त्यांच्याच कायद्यावरून. म्हणजे शेवटी सातासमुद्रापार जाऊन मी तेच वाक्य वाचत होते जे सोलापूरच्या कॉलेजात पंख्याच्या कडकडाटात वाचलं होतं. सेमिनारमध्ये त्या म्हणाल्या, कुणाकडे एखादं अवघड उदाहरण आहे का. मी हात वर केला. नावगाव काढून टाकलं आणि सगळं सांगितलं: एक विणकर, एक पाहुणा, एक जुनं घोंगडं.

वर्ग खूश झाला. अशी उदाहरणं पुस्तकात सापडत नाहीत. लागोसहून आलेली एक मुलगी विचारात पडली. ती म्हणाली, "पण पाहुण्याला चांगलं तेच देणार ना माणूस. माझी आजीही हेच करेल." मला तिला मिठी मारावीशी वाटली. पण मिलानच्या मुलानं खांदे उडवले. विक्रेत्यानं सांगितलं होतं का, की हा माल वापरलेला आहे? नाही. खरेदीदाराला उघड्या डोळ्यांनी कळण्यासारखं होतं का? नाही. मग विक्रेता हरला. पुढचा प्रश्न. मी म्हटलं, तिथली रूढी? जुनं पाहुण्याला आणि नवं घरच्याला, ही रूढी? बाईंनी मान हलवली. रूढी ग्राह्य धरायची तर ती त्या व्यापारात सर्वांना ठाऊक असावी लागते, आणि ती सिद्ध करायला साक्षीदार लागतात. मग त्या हसून म्हणाल्या, "फार सुंदर प्रॉब्लेम आहे. पुढच्या वर्षीच्या वर्गासाठी मी तो वापरला तर चालेल?"

"तो विणकर माझे वडील आहेत," मी म्हटलं.

मिलानच्या मुलाचे कान लाल झाले. बाईंनी चष्मा काढला, माझी माफी मागितली, आणि ती मनापासून मागितली. मग म्हणाल्या, "दिशाभूल हा शब्द लवादानं वापरायला नको होता. त्याची गरज नव्हती. पण उत्तर तेच राहतं."

मला त्यांचा संताप आला, कारण त्यांचं बरोबर होतं. खोटं बोलल्या असत्या तर मी भांडले असते. सगळं पुस्तक उलटंपालटं केलं तरी उत्तर तेच राहत होतं. 'सर्वांना ठाऊक असलेली रूढी' यातले 'सर्व' कोण, हे पुस्तकात लिहिलेलं नाही, पण वाचणाऱ्याला कळतं. त्यात आमची आई नाही. सूत काढणाऱ्या बायका नाहीत. होटगीपासून अक्कलकोटपर्यंत कुणालाही विचारा, नवं घोंगडं टोचतं का, तर तो तुमच्याकडं वेड्यासारखं बघेल. आईच्या माहेरी, अक्कलकोटकडं, घोंगड्याला कन्नडात कंबळी म्हणतात, पण टोचते तीही तशीच. एवढ्या मुलखाला ठाऊक असलेली गोष्ट, आणि ती कायद्याला ठाऊक नाही. अण्णांचं अज्ञान हा त्यांचा दोष, आणि खरेदीदाराचं अज्ञान हा त्याचा हक्क.

मी प्रबंध त्यावरच लिहिला. त्याला विशेष प्रावीण्य मिळालं. माझ्या बापाची बेअब्रू झाली आणि तिच्यावर मला मार्क पडले. गावात पुन्हा फ्लेक्स लागल्याचं आईनं फोनवर सांगितलं. कुणी लावला ते मी विचारलं नाही.

आता मी इथंच नोकरी करते. काचेच्या इमारतीत बसून करार लिहिते, दोन देशांतल्या, एकमेकांना कधी न भेटणाऱ्या माणसांसाठी. नमुन्याचा क्लॉज आला की मी त्यात एक ओळ घालते, की नमुना त्याच हंगामातल्या नव्या मालातला असावा आणि विक्रेत्याला तो त्याच्या भाषेत समजावून दिलेला असावा. बहुतेक वेळा समोरचे वकील ती ओळ खोडतात. मी पुन्हा घालते. ऑफिसात मला जरा चिवट समजतात. आज्याच्या घोंगड्यासाठी मी त्या कंपनीला अनेक ईमेल लिहिले. शेवटी एका सभ्य माणसाचं उत्तर आलं की वाद मिटल्यावर नमुने ठराविक मुदतीनंतर नष्ट केले जातात. शेवटी त्यानं शुभेच्छाही दिल्या होत्या. मी लॅपटॉप बंद केला, जिना उतरून रस्त्यावर गेले आणि बराच वेळ चालत राहिले.

गेल्या डिसेंबरात मी घरी गेले. जाण्याआधीचे सगळे बेत मनात होते. गेल्या गेल्या मागावर बसायचं, आईच्या हातची भाकरी परातीतूनच उचलायची. विमानातून, मग बसमधून, मग रिक्षातून अंग आंबून दुपारी दारात पोचले. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. मग तिनं आतून आणून पडवीतल्या बाजेवर माझ्यासाठी घोंगडं अंथरलं. मी बसले. हात टेकला आणि समजलं. ते अण्णांचं होतं. आज्याचं गेल्यावर अण्णांनी जे अंगावर घ्यायला काढलं, तेच. इतक्या वर्षांत मऊ झालेलं. अण्णा स्वतः समोर जमिनीवर, मागावरून नुकत्याच उतरवलेल्या, ताठ घोंगड्यावर बसले होते.

मी उठलेच. "आई, मी काय पाव्हणी हाय का?"

आईला कळलंच नाही मी कशाला चिडले ते. ती म्हणाली, "लांबनं आलीस की गं. अंग दुकत आसंल."

"माजं जुनं अंथरूण कुटं हाय?"

"आता ते कशाला ठिवू? तू कुटं ऱ्हातीस हितं?" ती हे रागानं म्हणाली नाही. चहात साखर किती घालू विचारावं, त्या सुरात म्हणाली. लंडनमधल्या कुणाच्याही बोलण्यानं मला इतकं लागलं नव्हतं.

अण्णा सगळं बघत होते. त्यांनी मोडनिंबचा प्रश्न पुन्हा कधी काढला नव्हता, फोनवरही नाही, आणि मीही टाळत आले होते. आता तो मीच काढला. म्हटलं, "अण्णा, त्येंचा कायदा वाचला मी. तुमी फसवलं आसं लवादानं लिवलं ते चूक हाय. माज्या बाईंनीच सांगितलं. पर केस आपुनच हारणार व्हतो."

"का?"

"नमुना नव्या मालाचा द्यायला पायजे व्हता."

अण्णांनी थोडा विचार केला. "म्हंजी पाव्हणा घरात आल्यावर त्येच्याखाली टोचणारं घालायचं व्हतं?"

"कायद्यानं व्हय."

"ते कसं जमायचं?" अण्णा म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि पहिल्यांदाच त्या विषयावर मोकळं हसले. "न्हाय बाबा. मग हारलेलंच बरं."

मी इतकी वर्षं ज्यासाठी घालवली, ते त्यांनी एका वाक्यात निकाली काढलं. बरं वाटलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. त्यांच्या मनावरचं ओझं उतरलेलं मला स्पष्ट दिसत होतं. माझं कोण उतरवणार? अण्णांना आता ठाऊक होतं की ते आपल्या घरच्या रीतीनं वागले. आणि त्याच रीतीनं त्यांनी मला आज मऊ घोंगड्यावर बसवलं होतं.

मी बाजेवरून उतरले. आई नको नको म्हणत असताना मागाजवळच्या थप्पीतलं सगळ्यात नवं घोंगडं ओढून काढलं, अण्णांच्या शेजारी जमिनीवर पसरलं आणि त्यावर पाय मुडपून बसले. खळीचा आंबूस वास आला. विमानात घातलेल्या पातळ पँटीतून ते घोंगडं असं टोचू लागलं की डोळ्यांत पाणी आलं. सगळं टोचण्यामुळंच आलं असं मी म्हणणार नाही.

"टोचतंय न्हवं?" अण्णांनी विचारलं.

"टोचतंय की."

"मग हेच घे तुला. वापरत जा," अण्णा म्हणाले. "हुईल मऊ."

मी मान डोलावली. घोंगडं मऊ व्हायला वर्षं लागतात. माझं परतीचं तिकीट रविवारचं होतं.